सतरा खुंटे

गावाचं नाव सांगत नाही, गावाचा त्यात काही दोष नाही. धामणगाव बढ्याहून मोटारसायकलनं पंधरा मिनिटं लागतात, एवढं पुरे. ज्यांचा दोष आहे त्यांची नावं मात्र सांगणार आहे, आणि त्यातलं पहिलं माझंच आहे. मी अश्वजित. सिव्हिलचा डिप्लोमा, शेषराव ठेकेदारांकडे सात वर्षं सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे जो सगळं पाहतो आणि जे पाहिलं नाही त्याखाली सही करतो.

काम सभागृहाचं होतं. लग्नं, तेरवी, ग्रामसभा, सगळं एका छपराखाली. सरपंच रामरावांनी त्यासाठी तीन वर्षं बुलढाण्याच्या चकरा मारल्या होत्या आणि त्यांची एकच हौस होती: पुढचा छज्जा सात फूट बाहेर पाहिजे आणि त्याखाली एकही खांब नको. खांब आला की नवरदेवाचा घोडा वळत नाही, असं त्यांचं म्हणणं. असा छज्जा फक्त आतल्या सळयांच्या जोरावर उभा राहतो. सळईचं एक टोक काटकोनात वाकवून बीममध्ये अडकवतात, बाकीची सळई बाहेर निघते, आणि सगळा भार त्या वाकावर येतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं समजायला इंजिनेर असावं लागत नाही.

आमच्याकडे सळई जालन्याहून येते. बापजाद्यांपासून नाही, पण जेव्हापासून इकडे स्लॅब पडायला लागले तेव्हापासून. त्या डिसेंबरात मात्र शेषरावांनी जो ट्रक उतरवला तो बंदरावरून आलेल्या मालाचा होता. सळईवर कारखान्याचं नाव नव्हतं. बंडलांना पत्र्याचे बिल्ले होते आणि त्यांवर इथं कुणालाच वाचता येणार नाही अशी लिपी. माल जालन्यापेक्षा स्वस्त पडला होता, ते शेषरावांनी सांगितलं नाही. 'बाहेरदेशचा माल आहे' एवढंच सांगितलं आणि तेवढं पुरलं. आमच्या भागात बाहेरदेशचं म्हटलं की माणूस आधी हात जोडतो, वस्तू नंतर पाहतो. लोक सळई बघायला आले. रामरावांनी एक बिल्ला धुऊन-पुसून गाडीच्या किल्लीला अडकवला. चहाच्या टपरीवर ते किल्ली अशी टेबलावर टाकायचे की बिल्ला वाजलाच पाहिजे.

तो माल पहिल्यांदा हातात घेतला फकीर मोहम्मद यांनी. ते फिटर, म्हणजे सळया वाकवून त्यांची जाळी बांधणारे. वय त्रेसष्ट. तालुक्यातल्या निम्म्या घरांच्या स्लॅबमध्ये त्यांच्या हातची जाळी आहे. माझे वडील गवंडी होते, दोघांनी वीस वर्षं सोबत कामं केली, आणि शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्यामागे. सळईची जाडी डोळ्यांनी ओळखायला मला फकीरचाचांनी शिकवलं. कॉलेजनं नंतर त्याच गोष्टींना इंग्रजी नावं दिली आणि फी घेतली.

'फकीरच्या हातानं सळई तुटत नाही' असं आमच्याकडे लोक बोलत. हे कौतुक साधं नाही. फिटरांच्या धंद्यात सळई वाकवताना तुटली तर लोखंडाला कुणी दोष देत नाही, हाताला देतात. भाकरी तुटली तर बाईला नावं ठेवतात, ज्वारीला नाही, तसंच हे. चाळीस वर्षांत चाचांनी जमवलेली मालमत्ता म्हणाल तर दोन खोल्या, चार बकऱ्या आणि हे एक वाक्य.

जानेवारीतली सकाळ होती, थंडी कडाक्याची. चाचांनी सोळा एमएमची सळई लाकडी पाट्यावरच्या खुंट्यांमध्ये बसवली, वाकवायची चाबी लावली आणि ओढली. अर्ध्यावर काड असा आवाज झाला आणि सळईचे दोन तुकडे झाले. सगळे थांबले. दीपक नावाचा तरुण फिटर होता, चाचांच्याच हाताखाली शिकलेला. तो हसला. शेषराव नेमके तिथं उभे होते. तेही हसले आणि म्हणाले, "चाचा, हात म्हातारा झाला वाट्टे तुमचा."

मजुरांत हशा पिकला. चाचा हसले नाहीत. त्यांनी दुसरी सळई घेतली, तीही तुटली. तिसरी हळूहळू ओढून वाकवली, तर वाकाच्या बाहेरच्या अंगाला केसासारख्या भेगा. मी तुटलेलं टोक उचलून पाहिलं. आत लोखंड साखरेसारखं दाणेदार आणि चकचकीत होतं. चांगली सळई अशी तुटत नाही. ती लोंबते, ओढली जाते, नाइलाजानं सुटते.

दुपारी भाकरी खाताना मी चाचांना म्हटलं की माल खराब आहे, शेषरावांना स्पष्ट सांगा. ते म्हणाले की लोहा खराब असला तर सांगीन. ते सांगणार नाहीत हे दिसलं, म्हणून मीच शेषरावांना सांगितलं. त्यांनी काय करावं? सगळ्या मजुरांदेखत चाचांना बोलावलं आणि विचारलं, "सळई तुटून राह्यली का चाचा? आपला इंजिनेर म्हणते."

चाचांनी दीपककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "नाई," ते म्हणाले. "थंडीनं एखादी गेली असंन. माह्या हातानं नाई तुटत."

शेषरावांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. ती थाप मला अजून लागते. त्या दिवशी मी चाचांवर मनातून इतका चिडलो की संध्याकाळी त्यांच्याशी बोललोही नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं. फिटरच नाही म्हणतो, मग मी कोण?

तीन-चार दिवसांनी मी साइटवर पोचलो तेव्हा शेकोटी पेटलेली होती. पऱ्हाट्यांची, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या झाडांची. त्या दिवसांत पऱ्हाट्यांचे ढीग प्रत्येक वावराच्या धुऱ्याबांधावर असतात आणि सकाळी शेकोटी कुठं नसते? कुणाला काही वाटलं नाही. मजूर शेकून कामाला लागले. शेकोटी मात्र अकरा वाजेपर्यंत चालली. जवळ गेलो तेव्हा दिसलं की चाचांनी सळयांची टोकं निखाऱ्यात खुपसून ठेवली होती. लाल झाली की बाहेर काढायचे आणि वाकवायचे. सळई लोण्यासारखी वाकायची. ना आवाज, ना भेग. दीपक तोंड उघडं टाकून बघत होता.

चाचांचं कसब होतं, त्यात वाद नाही. सगळ्या तालुक्यात दुसऱ्या कुणाला तो खराब माल वाकवता आला नसता. दुसरा असता तर दोन दिवसांत हात वर करून निघून गेला असता, ट्रक परत गेला असता आणि पंचफुला या मजूरबाईचा पाय शाबूत राहिला असता. पण तिथं फकीर मोहम्मद होते. मी पुस्तकात वाचलेलं त्यांना सांगितलं, की जाळलेली सळई वाकावर कमजोर होते, म्हणून तसं करायला मनाई आहे. ते म्हणाले, "बेटा, तुह्या पुस्तकात थंड लोहा वाकत असंन. हा नाई वाकत."

त्याआधी किती तुटल्या ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. तुटलेले तुकडे संध्याकाळी पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर घरी न्यायचे. मी पाहिलं होतं. भंगारात घालत असतील असं समजून मी सोडून दिलं.

आता माझी सही. सरकारी कामात सळईचे नमुने लॅबला पाठवावे लागतात. शेषरावांच्या गोदामात जालन्याच्या सळईचा एक बंडल ताडपत्रीखाली झाकलेला असायचा. कुठल्याही साइटचे नमुने त्यातूनच कापायचे. मजूर त्या बंडलाला जावई म्हणायचे, कारण तो कामाला कधीच लागायचा नाही, फक्त मिरवायला न्यायचा. सात वर्षांत मी जावयाचे किती तुकडे कापले त्याची मोजदाद नाही. या वेळीही कापले. फॉर्मवर लिहिलेलं असतं: 'सदर नमुने कामावरील साठ्यातून माझ्यासमक्ष काढले.' खाली माझी सही, तारखेसकट. जावई नेहमीप्रमाणे पहिल्या वर्गात पास झाला.

फेब्रुवारीच्या शेवटी छज्ज्याचं काँक्रीट पक्कं झालं म्हणून त्याखालच्या बल्ल्या, म्हणजे लाकडी टेकू, काढायला घेतल्या. अर्ध्या काढून झाल्या होत्या. पंचफुला काढलेल्या फळ्या उचलत होती. तिशीची बाई, नवरा सुरतला, कामाला वाघीण. आधी वरून बारीक खडी पडली. तिनं वर पाहिलं, आणि तेवढ्यात सात फुटांचा छज्जा बीमपासून सुटून झोका घ्यावा तसा खाली आला. बाकीचे पळाले. तिचा डावा पाय गुडघ्याखाली सापडला.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तिच्या पायात रॉड टाकला. मी भेटायला गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "इंजिनेरसाहेब, डॉक्टरले इचारा ना, जालन्याचा हाय का बाहेरदेशचा?" आणि हसली. मला तिच्या हसण्याची जितकी लाज वाटली तितकी रडण्याची वाटली नसती. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं की ती चालेल, पण डोक्यावर ओझं घेऊन पुन्हा नाही.

छज्जा पडला त्याच संध्याकाळी शेषरावांनी उरलेला सगळा माल ट्रॅक्टरमध्ये भरून हलवला. बिल्लेसुद्धा वेचून नेले. रामरावांच्या किल्लीला दुसऱ्या दिवशी गणपती लटकत होता. चौकशीला उपअभियंता आले, बाहेरच्या तालुक्यातले, शांत माणूस. त्यांनी पडलेला छज्जा पाहिला. सगळ्या सळया वाकावरच तुटल्या होत्या आणि प्रत्येक वाकावर जळल्याचा निळा-काळा डाग होता. शेषराव लगेच पुढं झाले. माल लॅबमध्ये पास आहे, हे बघा साहेब. फिटरनं आम्हाला न विचारता सळया जाळल्या. बोलताना चष्मा काढून त्यांनी डोळे टिपले. आपल्याच कामावर असं व्हावं याचं केवढं दुःख त्यांना.

उपअभियंत्यांनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले की मला यात पाणी मुरताना दिसतंय, पण कागद सगळे ठेकेदाराच्या बाजूनं आहेत. मलब्यातली सळई तपासायला पाठवली तर ती जळकी आहे म्हणून ठेकेदार मान्य करणार नाही. उद्या जबाब घेतो. फिटर म्हणाला की थंड सळई वाकवताना तुटत होती, किंवा न जळालेला एखादा तुटका तुकडा मिळाला, तर मी पूर्ण सभागृहाच्या सळया नव्यानं तपासायला लावतो. नाहीतर जळालेली सळई हेच कारण लिहावं लागेल आणि दोष फिटरचा.

म्हणजे चाचांना वाचवायला दोनच गोष्टी लागत होत्या. त्यांचा शब्द, नाहीतर एक तुकडा.

मी तडक चाचांच्या घरी गेलो. ऊन उतरायची वेळ होती. चाचा ओट्यावर बसून बकरीचं दूध बाटलीत ओतत होते. अमीनाचाचीनं सांगितलं की छज्जा पडला तेव्हापासून रोज असंच चालू आहे, दूध घ्यायचं, एसटीनं बुलढाण्याला जायचं, पंचफुलाला द्यायचं आणि परत यायचं. बाटली ठेवतात, थोडा वेळ उभे राहतात.

अंगणात बकऱ्या बांधलेल्या होत्या आणि माझं लक्ष खुंट्यांकडे गेलं. लोखंडी खुंटे, सोळा एमएमचे. वालाच्या वेलांना ओळीनं आधार दिले होते, तेही तसलेच. न्हाणीच्या आडोशाला तट्टा बांधला होता, तोही चार तसल्याच खुंट्यांना. मी मोजले. सतरा. एकाचंही तुटलेलं टोक वर नव्हतं. सगळी तुटलेली टोकं चाचांनी जमिनीत ठोकली होती.

मी त्यांना उपअभियंत्यांचं बोलणं सांगितलं. फक्त एवढंच म्हणा की सळई तुटत होती.

"कोणाच्या हातानं तुटत होती म्हणू?" चाचांनी विचारलं.

"हातानं नाही चाचा, माल खराब होता म्हणून तुटत होती म्हणा."

"मी तसं म्हणीन. आयकणारा तसं नाई आयकत, बेटा. आयकणारा आयकते का फकीरच्या हातानं तुटली. दीपक राहीन तथी, सारे पोट्टे राहीन."

मी म्हटलं की पंचफुलाचा पाय गेला, चाचा. ते म्हणाले की मला माहीत आहे, आणि बाटलीचं झाकण लावत राहिले. झाकण लागलेलं होतं तरी लावत राहिले. मला त्यांची कीव आली नाही, राग आला. माणूस इतका कसा आपल्या नावाला चिकटून बसतो? हे मी विचारत होतो, ज्यानं आपली नोकरी टिकावी म्हणून सात वर्षं जावई कापला.

चाची इतका वेळ दारात उभी होती. ती अंगणात आली, एका बकरीची दोरी सोडली आणि खुंटा हलवून हलवून उपटायला लागली. चाचा म्हणाले, "अमीना, राहू दे." ती थांबली नाही.

"यायची इज्जत या लोह्यात हाय म्हणते," ती मला म्हणाली. "मंग माह्या बकऱ्या काऊन बांधल्या या इज्जतीले?" तिनं खुंट्याची माती झाडली आणि तो माझ्या हातात दिला. "घे बेटा. हे नाई बोलणार. तू दाखवजो."

खुंट्यावर गंज चढला होता, पण जमिनीतलं टोक ओलं आणि दाणेदार होतं. जळाल्याचा एकही डाग नव्हता. मी तो पिशवीत घातला. चाचांनी मला अडवलं नाही. त्यांनी बकरीला धरून दुसऱ्या खुंट्याला बांधलं, आणि मला वाटलं, मी न्यावा अशीच त्यांची इच्छा असावी. मला आजही तसंच वाटतं, आणि म्हणूनच पुढचं सांगताना माझी जीभ जड होते.

जबाब सभागृहातच झाले. छज्जा गेला होता, आतला स्लॅब उभा होता. त्याच मालाचा, त्याच वाकांचा. त्याखाली टेबल टाकलं होतं. टेबलावर लॅबचा रिपोर्ट आणि वर माझ्या सहीचा फॉर्म, उडू नये म्हणून त्यावर शेषरावांचा चष्म्याचा डबा. मजूर भिंतीला टेकून बसले होते. माझ्या पायाशी पिशवी होती.

उपअभियंत्यांनी चाचांना खुर्ची दिली. त्यांनी प्रश्न असा विचारला की त्याचं उत्तर आंधळ्यालाही सापडावं. सळई थंड असताना वाकवली तर काय होत होतं, चाचा? तुटत होती ना?

चाचा खुर्चीतून उठून उभे राहिले. दीपक समोरच बसला होता.

"साहेब, चाळीस वर्सं झाले या कामाले," ते म्हणाले. "माह्या हातानं आजलोक एक बी सळई तुटली नाई. लिहून घ्या."

मग शेकोटीत का घातली? गरम लोहा नीट वाकतो, ती माझी रीत आहे, असं ते म्हणाले. कुणी सांगितली होती? कुणी नाही, माझी मीच. उपअभियंत्यांनी दोनदा पेन थांबवलं, दोनदा पुन्हा विचारलं, आणि दोन्ही वेळा चाचांनी तेच सांगितलं, दुसऱ्या वेळी जास्त मोठ्यानं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा अंगठा घेतला गेला.

मग माझी पाळी आली. उपअभियंत्यांनी विचारलं, "तुम्ही रोज इथं होता. थंड सळई तुटलेली तुम्ही पाहिली?"

पिशवी माझ्या डाव्या पायाला लागून होती. वाकून हात घातला असता तर तीन सेकंद लागले असते. शेषरावांनी चष्म्याचा डबा उचलला आणि फॉर्म जरासा माझ्याकडे सरकवला. खुंटा टेबलावर आला की पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग लॅबमध्ये काय पाठवलं होतं? आणि त्याचं उत्तर माझ्या सहीनं तिथं पडलेलंच होतं.

मी म्हणालो, "नाही साहेब."

त्या क्षणी मी स्वतःला सांगितलं की मी चाचांची अब्रू राखतोय. चार लोकांत त्यांनी एक सांगितलं, मी त्यांना खोटं कसं पाडू? किती सुंदर कारण सापडलं मला. माणूस बुडताना काडीचा आधार शोधतो म्हणतात. मी बुडत नव्हतो, तरी म्हाताऱ्याच्या अब्रूचा आधार घेतला आणि त्यालाच खाली दाबलं.

अहवाल आला. कारण: फिटरनं परस्पर सळया तापवल्यामुळं छज्जा पडला. फकीर मोहम्मद यांना यापुढं कुठल्याही कामावर घेऊ नये. ठेकेदारानं छज्जा स्वतःच्या खर्चानं पुन्हा बांधून द्यावा. पूर्ण सभागृह तपासायची गरज अहवालाला वाटली नाही, कारण माल पास होता. शेषरावांनी छज्जा नव्यानं बांधला, दीपकच्या हातानं, आणि या वेळी मात्र ताडपत्री काढून जावयाला कामाला जुंपलं. दोन खांबही दिले. रामरावांचा घोडा आता खांबाला वळसा घालतो. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली असं म्हणतात, पण या संन्याशानं स्वतः मान पुढं केली आणि दोरी धरायला मी होतो.

ज्या गोष्टीसाठी चाचा खोटं बोलले ती तरी राहायला हवी होती. तीच सगळ्यात आधी गेली. पोरांनी त्यांचं नाव शेकोटीचाचा ठेवलं. टपरीवर दीपक सांगायचा की म्हाताऱ्याच्या हातात जोरच उरला नव्हता, विस्तवाशिवाय सळई वाकत नव्हती, आम्ही बोलायचो नाही एवढंच. मी ते ऐकलं आणि चहा संपवला. चाचांनीही ऐकलं असणार, कारण त्यांनी टपरीवरून जायचं सोडलं आणि एसटी धरायला मागच्या वाटेनं जायला लागले. दुधाची बाटली पोचवायची ती पोचवतच होते.

सभागृह एप्रिलमध्ये सुरू झालं. मे महिन्यात तिथं अकरा लग्नं लागली. मलाही पत्रिका येतात. मी जातो, अक्षता टाकतो त्या बाहेरून, आणि ताट घेऊन उन्हात उभा राहून जेवतो. लोक आत बोलावतात, आत पंखे आहेत म्हणतात. मी म्हणतो मला बाहेर बरं वाटतं. आत दोन-तीनशे माणसं, लेकराबाळांसकट, त्या स्लॅबखाली पंगतीला बसलेली असतात. वाढपी आग्रह करत फिरत असतात. आणि मी वर पाहत असतो. ताट मात्र संपवतो. न जेवता गेलं तर लोक कारण विचारतात.

मेच्या शेवटी एका सकाळी अमीनाचाची माझ्या दारात आली. ती कधी माझ्या घरी आली नव्हती. लहानपणी ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा तो चाचांच्या हातून. मी आत ये म्हटलं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"खुंटा वापस पाहिजे होता," ती म्हणाली. "बकरी सुटून लोकाईच्या वावरात जाते. भांडणं होऊन राह्यले."

खुंटा त्याच पिशवीत होता, पिशवी कपाटावर. मी काढून आणली. तिनं पिशवी ओळखली.

"जबाबाच्या दिवशी ही सोबत होती?"

मी हो म्हणालो.

"त्या साहेबानं इचारलं होतं तुमाले?"

लहान होतो तेव्हापासून ती मला तू म्हणायची. मी पुन्हा हो म्हणालो. मी म्हटलं, चाचांनीच नाही सांगितलं, चाची, मग मी कसं... आणि मधेच थांबलो, कारण ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती खुंट्याचं तुटलेलं टोक अंगठ्यानं चाचपत होती. कोरड्या हवेत राहिल्यानं त्यावर गंज फारसा चढला नव्हता. दाणे अजून दिसत होते.

"हे गप राह्यले ते समजते मले," ती म्हणाली. "यायच्यापाशी दुसरं काईच नव्हतं. तुमच्यापाशी त हा होता, साहेब."

तिनं खुंटा ओढणीत गुंडाळला, पिशवी घडी करून माझ्या हातात दिली आणि निघाली. कोपऱ्यावर तिची बकरी कुणीतरी विजेच्या खांबाला बांधून ठेवली होती, ती तिनं सोडून घेतली.